गाठीतला ऑक्सिजन, त्याचा फोटो आणि शेक: विदर्भातल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंडाचा, घशाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला आणि रेडिएशन, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत शेक, द्यायचं ठरलं की घरच्यांच्या मनात शंभर प्रश्न येतात. हल्ली त्यात एकाची भर पडली आहे. मोबाईलवर कुणीतरी दाखवतं, की गाठीत ऑक्सिजन कुठे कमी आहे ते पाहून उपचार ठरवतात. मग विचारणा होते, की आपल्या माणसाची ही तपासणी राहून तर गेली नाही ना? गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतच्या गावांतून नागपूर, सेवाग्राम, सावंगीला शेकासाठी येणाऱ्या कुटुंबांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत.

बाबाचं ऑक्सिजन बोटावरच्या मशीनवर ९८ दाखवते. मंग गाठीत कमी कसं काय?

कोरोनात घरोघरी पोचलेलं ते मशीन रक्तातला ऑक्सिजन सांगतं. रक्तात भरपूर असला तरी गाठीच्या प्रत्येक पेशीपर्यंत तो पोचतोच असं नाही. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतकं अंतर जातो, कारण वाटेतल्या पेशी तो वापरून टाकतात. पाटाच्या तोंडाशी असलेली शेतं भिजतात आणि शेवटच्या शेताला पाणीच येत नाही, तसं हे आहे. निरोगी अवयवात रक्तवाहिन्या जवळजवळ आणि शिस्तीत असतात, म्हणून कुणी उपाशी राहत नाही. गाठ मात्र घाईने वाढते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या आणि गळक्या असतात, काही मध्येच बंद पडतात आणि तासाभराने पुन्हा उघडतात.

डॉक्टर हा ऑक्सिजन पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. निरोगी भागात आकडा साधारण ४० च्या आसपास असतो, अवयवाप्रमाणे कमी-जास्त. गाठीच्या काही भागांत तो १० च्याही खाली जातो. वैद्यकीय मराठीत याला ऊतीतील ऑक्सिजनची कमतरता म्हणतात, डॉक्टर आपापसात ‘हायपॉक्सिया’ म्हणतात. रुग्णाला धाप लागलेली नसते, ओठ निळे पडलेले नसतात. बाहेरून काहीच कळत नाही.

कमी ऑक्सिजन असला तर शेकाचं काय बिघडते?

बरंच बिघडतं. शेकाचे किरण पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. जवळ ऑक्सिजन असेल तर तो त्या घावाशी जोडला जातो आणि घाव पक्का होतो. नसेल तर पेशी बरेच घाव भरून काढते. अगदी ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला भरपूर ऑक्सिजन असलेल्या पेशींपेक्षा अडीच ते तीनपट किरण लागतात. एवढे किरण शेजारच्या निरोगी भागाला सोसणार नाहीत, खरी अडचण तिथे आहे.

हे नवं ज्ञान नाही. इंग्लंडमध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली शेकावरचा ऑक्सिजनचा परिणाम मांडला. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं, की रक्तपुरवठ्यापासून ठरावीक अंतराच्या पलीकडे पेशी मेलेल्या असतात. शेकाचा डोस ज्या ‘ग्रे’ या एककात मोजतात, ते नाव याच शास्त्रज्ञाचं. तुमच्या फाईलवर ‘६० ग्रे’ किंवा ‘७० ग्रे’ लिहिलेलं दिसेल.

दुसरीही एक गोष्ट घडते. उपाशी राहिलेल्या पेशी तगून राहण्याच्या युक्त्या शिकतात. ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशीला कसं कळतं, हे शोधल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. याच यंत्रणेचा वापर करून गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि इतरत्र पसरायला धजावते.

म्हणजे अंगात ऑक्सिजन कमी झाल्यानंच कॅन्सर होतो ना? तसा मेसेज आला होता.

नाही. त्या मेसेजमध्ये बहुधा ओटो वारबर्ग यांचं नाव असतं. वारबर्ग मोठे शास्त्रज्ञ होते आणि त्यांना १९३१ मध्ये नोबेल मिळालं हे खरं, पण ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामाला मिळालं, ‘कॅन्सरचं कारण सापडलं’ म्हणून नव्हे. त्यांना दिसलं ते असं, की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवून वापरतात. आधी गाठ होते आणि ती वाढताना तिच्या आत ऑक्सिजन कमी पडतो, हा क्रम लक्षात ठेवा. प्राणायामाने मन शांत होत असेल तर जरूर करा. मात्र त्या भरवशावर शेक सोडलेला माणूस परत येतो तेव्हा गाठ वाढलेली असते, आणि ते पाहताना फार वाईट वाटतं.

ही तपासणी करतात कशी?

सर्वांत जास्त अभ्यास झालेली पद्धत पेट-सीटीची आहे. फ्लोरोमिसोनिडॅझोल, थोडक्यात एफमिसो, नावाचं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. ते सगळ्या पेशींत शिरतं. जिथे ऑक्सिजन आहे तिथून बाहेर निघून जातं. जिथे नाही तिथे त्याच्यात रासायनिक बदल होतो आणि ते आतच अडकून बसतं. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून टोचल्यावर दोन ते चार तासांनी फोटो काढतात. फोटोत अडकलेल्या औषधाची जागा उजळ दिसते. ती स्नायूशी किंवा रक्ताशी ताडून डॉक्टर ठरवतात, की इथे ऑक्सिजन कमी आहे.

या औषधाचा एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. ते जिवंत पेशीतच अडकतं. गाठीच्या मध्यभागी पूर्ण मेलेला भाग असतो, तिथे ते थांबत नाही. म्हणजे फोटोत दिसतात त्या उपाशी पण जित्या पेशी, आणि शेकाला पुरून उरणाऱ्या त्याच असतात. फाझा, एचएक्स-४ अशी याच जातीची आणखी औषधंही आहेत.

आमची पेट-सीटी तर झाली. त्यात हे दिसलं नसेल का?

नाही. तुमची झाली ती बहुतेक एफडीजी पेट, म्हणजे साखरेची. ती करताना उपाशीपोटी बोलावतात आणि आधी शुगर तपासतात. गाठ साखर किती खाते आणि कुठेकुठे पसरली आहे, ते ती दाखवते. साखर जास्त खाणारी गाठ ऑक्सिजनला कमीच असेल असं नसतं. यंत्र तेच, टोचलेलं औषध वेगळं. एफडीजीची तपासणी मात्र टाळू नका. कुठला भाग शेकायचा हे ठरवायला तिचा आजच उपयोग होतो.

एमआरआयवर किंवा सुई घालून समजत नाही?

दोन्ही मार्गांनी प्रयत्न झाले आहेत. एमआरआयमध्ये रुग्णाला आधी साधी हवा आणि मग शुद्ध ऑक्सिजन हुंगायला देऊन दोन्ही वेळच्या फोटोंतला फरक पाहतात. जिथे फरक पडत नाही तिथे ऑक्सिजन पोचत नाही, असा अंदाज बांधतात. यात किरणोत्सारी औषध लागत नाही, ही मोठी सोय. सुईची पद्धत त्याहून जुनी आहे. बारीक विद्युत सुई थेट गाठीत घालून आकडा घेत. १९९० च्या दशकात जर्मनीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये अशी मोजणी झाली. ऑक्सिजन कमी असलेल्या गाठींचे रुग्ण केवळ शेकानंतरच नव्हे, तर ऑपरेशननंतरही मागे पडले. त्यातून कळलं, की अडचण फक्त शेकापुरती नाही. पण सुई लागते तिथलंच सांगते, आणि खोल गाठीत ती घालणार कशी? म्हणून फोटोकडे ओढा वाढला.

फोटो पाहून डॉक्टर पुढं काय करतील?

हाच प्रश्न प्रत्येक तपासणीआधी विचारावा. ‘या तपासणीने माझा उपचार बदलणार आहे का?’ असं डॉक्टरांना थेट विचारा. त्यांना राग येत नाही, आणि आलाच तरी विचारा.

ऑक्सिजनच्या फोटोने उपचार बदलण्याचे तीन मार्ग अभ्यासले गेले आहेत. पहिला, जिथे ऑक्सिजन कमी तिथेच डोस वाढवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण गाठीतल्या रक्तवाहिन्या उघड-बंद होत असल्याने आज उजळ दिसलेला कोपरा आठ दिवसांनी तिथेच असेल याची खात्री नाही. सहा-सात आठवड्यांच्या शेकाचा नकाशा एका दिवसाच्या फोटोवर आखणं म्हणूनच अवघड जातं.

दुसरा मार्ग, ऑक्सिजन नसलेल्या पेशींना शेकापुढे कमकुवत करणारं औषध देणं. डेन्मार्कमध्ये डोके-मानेच्या, म्हणजे तोंड, घसा, स्वरयंत्र यांच्या कॅन्सरसाठी शेकाबरोबर निमोराझोल देतात. तिथल्या अभ्यासात फायदा दिसला होता. ब्रिटनमधल्या अभ्यासात तो दिसला नाही, आणि बाकी जगाने ते नेहमीचं औषध म्हणून घेतलं नाही. टिरापाझामिन नावाच्या औषधाची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात आधी फोटो काढले होते. ज्यांच्या गाठीत ऑक्सिजन कमी होता त्यांना या औषधाने स्पष्ट फायदा झाला, बाकीच्यांना नाही. पुढे मोठा अभ्यास झाला तेव्हा फोटो न पाहता सरसकट सगळ्यांना औषध दिलं गेलं आणि निष्कर्ष आला, की उपयोग नाही. माझ्या मते त्या निकालात औषधाइतकाच दोष रुग्ण न निवडण्याचा होता. फोटोची खरी किंमत अशाच ठिकाणी कळते.

तिसरा मार्ग उलट्या दिशेचा: ऑक्सिजन पुरेसा दिसला तर शेक कमी करायचा. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

अमेरिकेत ७० ऐवजी ३० ग्रे देऊन लोक बरे झाले म्हणे. आपल्याकडं कावून देत नाही?

बातमी खरी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात हा अभ्यास झाला. पण ते रुग्ण कोण होते ते पाहा. त्यांना घशाच्या आतल्या भागाचा, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर होता, आणि तो एचपीव्ही या विषाणूमुळे झालेला होता. आधी घशातली मूळ गाठ ऑपरेशनने काढली. मग मानेतल्या गाठींचा एफमिसो फोटो काढला. ज्यांच्यात ऑक्सिजन कमी नव्हता, किंवा शेक सुरू झाल्यावर काही दिवसांत कमतरता भरून निघाली, त्यांनाच केमोसोबत ३० ग्रेवर थांबवलं. बाकीच्यांना पूर्ण ७० दिले.

एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कॅन्सर मुळातच शेकाला लवकर दाद देतो. आपल्या भागात जास्त दिसतो तो गालाच्या आतला, हिरडीचा, जिभेचा कॅन्सर. तो खर्रा, तंबाखू, सुपारीमुळे होतो, आणि त्याचा स्वभाव वेगळा आहे. त्यामुळे तिकडचे ३० ग्रे इकडच्या तोंडाच्या कॅन्सरला लावणं धोक्याचं आहे. ‘अमेरिकेत कमी देतात, आपल्याला उगाच जास्त शेकत आहेत’ असं वाटून कुणी अर्ध्यात थांबू नका.

मग खर्र्यानं झालेल्या तोंडाच्या कॅन्सरात या फोटोचा काहीच उपयोग नाही?

आज कमी आहे, आणि त्याचं साधं कारण असं, की तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा आधी ऑपरेशन करतात. गाठच काढून टाकली तर तिच्यातल्या ऑक्सिजनचा फोटो कशाचा काढणार? त्यानंतरचा शेक मागे राहिलेल्या सूक्ष्म पेशींसाठी असतो. ज्यांची गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेली आहे आणि ज्यांना शेक-केमोवरच राहायचं आहे, त्यांच्यासाठी हा विषय पुढेमागे महत्त्वाचा ठरू शकतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं वेगळं. तिथे आजार थोडा पुढे गेला असेल तर शेक, केमो आणि आतून दिला जाणारा शेक हाच मुख्य उपचार, आणि गाठ जागेवरच असते. म्हणून ऑक्सिजनचा विचार तिथे फार जवळचा आहे.

ही तपासणी नागपुरात होते का? योजनेत बसते का?

नेहमीची पेट-सीटी नागपुरात होते. ऑक्सिजन दाखवणारी तपासणी मात्र जगभर अजून मुख्यतः संशोधनाचा भाग म्हणूनच केली जाते. ती झाली नाही म्हणून तुमच्या उपचारात काही कमी राहिलं, असं नाही. शेकाचे आजचे डोस अशा फोटोशिवायच, हजारो रुग्णांच्या अनुभवावर ठरलेले आहेत.

एखाद्या मोठ्या केंद्रात अभ्यास सुरू असेल आणि तुम्हाला विचारलं तर संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. असे वैद्यकीय अभ्यास सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवलेले असावे लागतात. नोंदणी क्रमांक विचारा. आणि कुणी या तपासणीसाठी भरमसाट पैसे मागत असेल तर थांबा. एका फोटोपायी शेत गहाण टाकू नका, बैलजोडी विकू नका. शेक, केमो, ऑपरेशन या नेहमीच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पहिल्याच दिवशी त्याला गाठा.

घरी सिलिंडर आणून ऑक्सिजन लावला तर?

रक्त आधीच जवळपास भरलेलं असतं, त्यात आणखी फारसा मावत नाही. म्हणून घरच्या सिलिंडरने गाठीच्या कोपऱ्यातला उपास सुटत नाही. डॉक्टरांनी हा विचार केलाच नाही असं नाही. १९५० च्या दशकात लंडनमध्ये रुग्णाला जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या पेटीत ठेवून शेक देऊन पाहिला. पुढे ब्रिटनमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये कार्बोजेन, म्हणजे थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला ऑक्सिजन, आणि निकोटिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) यांची जोड शेकाच्या वेळी दिली, तेव्हा फायदा दिसला. पण ते शेकाच्या मशीनवर, त्या काही मिनिटांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ‘ऑक्सिजन थेरपी’ किंवा ओझोनच्या नावाने शहरात पैसे उकळणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही.

आईच्या अंगात रक्त कमी आहे, आठच पॉइंट. आधी रक्त भरायचं काय?

ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ते कमी असलेल्या रुग्णांत शेकाचा परिणाम कमी दिसतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये अंगावरून रक्त जाऊन बायका फिकट पडतात. तिथे शेक सुरू असताना हिमोग्लोबिन १० च्या वर राखण्याचा बरेच डॉक्टर आग्रह धरतात. गरज असेल तर रक्त चढवावं लागतं. नातेवाइकांनी रक्त द्यायला घाबरू नये. देणाऱ्याचा अशक्तपणा टिकत नाही, शरीर ते रक्त भरून काढतं.

पण नुसता आकडा चढवला की काम झालं असंही नाही. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनचा मोठा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन वाढलं, पण कॅन्सर मात्र जास्त बळावला. डेन्मार्कमध्ये अशाच रुग्णांना रक्त भरून पाहिलं, त्यातही निकाल सुधारला नाही. म्हणून औषध दुकानातून ‘रक्त वाढायची सुई’ आपल्या मनाने घेऊ नका.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल खूप घरांत आहे. घरात कुणाला सिकलसेल असेल तर शेकाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कार्ड असेल तर फाईलला जोडा. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त भराभर वाढवलं तर ते घट्ट होऊन त्रास होतो, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा असतो. पुष्कळदा हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

बिडी चालू राहिली तर? खर्र्यात तर धूर नसते.

बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. शेक चालू असताना धूम्रपान सोडलं नाही अशा डोके-मानेच्या रुग्णांत गाठ कमी विरघळल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. गाठीतला ऑक्सिजन वाढवण्याच्या सगळ्या महागड्या प्रयत्नांपुढे बिडी विझवणं फुकट आहे, आणि ते आज करता येतं. खर्र्यातून कार्बन मोनॉक्साइड मिळत नाही, हे तुमचं बरोबर. पण शेकाने सोललेल्या तोंडात तंबाखू-चुना ठेवला तर छाले भरत नाहीत, जेवण बंद होतं, शेकात खंड पडतो, आणि दुसऱ्या जागी नवा कॅन्सर होण्याचा धोका राहतोच. तलफ आवरत नसेल तर लपवून खाऊ नका; डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत.

तीस-पस्तीस दिवस यायला लावण्यापेक्षा एकदाच जास्त शेक का देत नाही? सोयाबीन सोंगायचं आहे.

थोडाथोडा शेक देण्यामागे ऑक्सिजनचंही कारण आहे. पहिल्या शेकांत रक्तवाहिनीजवळच्या, ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी मरतात. त्या मेल्या की त्यांचा वाटा मागच्या उपाशी पेशींपर्यंत पोचतो आणि पुढच्या शेकात त्यांचा नंबर लागतो. रोजच्या शेकागणिक गाठ अशी एकेक थर उघडी पडत जाते. एका दमात देऊन हे साधत नाही, आणि निरोगी भागही भाजतो.

मधे खाडा झाला तर उरलेल्या पेशी भराभर वाढतात. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एका दिवसाने लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने, कधी त्याहून थोडी जास्त, घटते. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, झाडीपट्टीतली धानकापणी, पोळा, घरच्या महालक्ष्म्या, या सगळ्याची मला जाणीव आहे. पीक शेतात उभं असताना दवाखान्यात बसून राहणं सोपं नाही. तरी तारीख ठरवतानाच डॉक्टरांना शेतीचा हंगाम सांगा आणि भावकीत कोण काम उचलेल ते आधी पक्कं करा. सुरू झालेला शेक मोडू नका. मशीन बंद पडल्याने दिवस गेला तर तो कसा भरून काढणार, हे विचारा. रोज येणं-जाणं होत नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात धर्मशाळेची चौकशी करा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि रेल्वेत कॅन्सर रुग्णाला सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो.

फोटोचं औषध मेट्रोजिलच्या जातीचं आहे म्हणे. मग त्याच गोळ्या घेतल्या तर?

जात एकच आहे, नायट्रोइमिडॅझोल. पण जुलाबासाठी घेतलेल्या मेट्रोनिडॅझोलने, म्हणजे मेट्रोजिलमधल्या औषधाने, कॅन्सरचा शेक जास्त लागू पडतो, असं धरून गोळ्या खाऊ नका. जास्त दिवस घेतल्याने हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते.

तपासणीनंतर घरी गेल्यावर लहान लेकरू जवळ घेता येते का?

नेहमीची पेट-सीटी असो की एफमिसोची, दोन्हींत फ्लोरिन-१८ वापरतात. त्याची किरणं दर ११० मिनिटांनी निम्मी होतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नावालाही उरत नाहीत. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, लघवीला वारंवार जा, आणि लेकराला व गरोदर बाईला संध्याकाळपर्यंत थोडं लांब ठेवा. बाळ अंगावर पीत असेल किंवा स्वतः गरोदर असाल तर इंजेक्शन टोचण्याआधीच सांगा.